रमणा साफ आहे

‘काचेला बोट लावू नका,’ बाबासरकार म्हणाले. ‘नुसतं खिडकीकडे वळून धरा.’

मी चौकट खिडकीकडे वळवली. आत पेन्सिलीनं काढलेलं चित्र होतं, मोठ्या वहीच्या उघड्या पानांएवढं. कागद चहाच्या रंगावर गेला होता, रेघ मात्र शाबूत होती. डावीकडे वडांची रांग, मध्ये तळं, तळ्यावर पाणी प्यायला वाकलेली चितळं, पलीकडे दगडी छत्री आणि छत्रीच्या मागे खडकाची बुटकी धार. बाकी सगळं गवत. इतकं एकसारखं की चित्र काढणारीनं ते भरताना कंटाळा कसा केला नाही याचं नवल वाटावं. खालच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत मलकेश्वरचं नाव आणि १८६७ हे साल.

‘पोलिटिकल एजंटाच्या मेहुणीनं काढलंय,’ बाबासरकार म्हणाले. ‘पाहुणी म्हणून आली होती. आठवडाभर रोज सकाळी खुर्ची टाकून बसायची. आमच्या खापरपणजोबांनी विलायतेतल्या जमीनदारांच्या बागांची चित्रं मागवून हा रमणा घडवला होता. बाईला आपलं माहेर आठवलं म्हणे.’

‘सुरेख आहे.’

‘सुरेख आहेच. आता मला सांगा मिराशी, यात एखादी झोपडी दिसते?’

‘नाही.’

‘माणूस?’

मी नीट पाहिलं. ‘नाही.’

‘साधी पायवाट?’

पायवाटही नव्हती.

‘बस. एवढंच मी प्रांतांना दाखवणार आहे.’

ही सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी जिल्ह्याच्या दैनिकाचा बातमीदार होतो. त्या आठवड्यात टँकरच्या, साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या आणि एका पडलेल्या पुलाच्या बातम्या पाठवून मी पार शिणलो होतो. मलकेश्वरच्या रमण्याचं प्रकरण माझ्याकडे आलं ते दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून.

प्रकरण तसं सरळ होतं. संस्थान विलीन झालं तेव्हा रमणा, म्हणजे राजेलोकांचं हरणं पाळायचं राखीव रान, बाबासरकारांच्या घराण्याची खाजगी मालमत्ता म्हणून नोंदला गेला. आता त्यांना तो एका हॉटेल कंपनीला द्यायचा होता. पण रमण्यात जुन्या राखणदारांची वस्ती होती. खोमणे भावकीची पाच-सहा घरं. ते म्हणत होते, आमच्या पिढ्या इथंच गेल्या, आम्हाला उठवता येणार नाही. बाबासरकारांचं म्हणणं, ही माणसं चाकरीला यायची आणि संध्याकाळी परत जायची. घरं मागाहून कधीतरी घुसवलीत. वस्ती आहे की नाही आणि ती जुनी आहे की नाही, हे प्रांताधिकाऱ्यांनी जागेवर येऊन ठरवायचं होतं. वस्ती धरली गेली तर हॉटेल अडत होतं. धरली गेली नाही तर खोमण्यांना नोटीस देऊन बाहेर काढायला काही अडचण उरत नव्हती.

‘माणसं वाईट नाहीत हो,’ बाबासरकार चित्र परत भिंतीवर लावत म्हणाले. ‘येसबा खोमण्याच्या खांद्यावर बसून मी लहानपणी चितळं बघायला जायचो. वाडीत जागा देतो म्हणालो मी त्यांना. पण रमणा त्यांचा कसा होईल?’

छापण्यासाठी म्हणून त्यांनी मला चित्राचा फोटो दिला. तो घेऊन मी दुपारी रमण्यात गेलो.

फाटक गंजलेलं होतं, पण बिजागरीला तेल होतं. आत चितळं कधीच उरली नव्हती. तळ्यात काठाकाठानं लव्हाळा माजला होता. छत्री आणि खडक यांच्यामध्ये खोमण्यांची घरं होती: कुडाच्या भिंती, वर गवताची छपरं, दारात शेळ्या, एका दोरीवर वाळत घातलेली पोरांची खाकी शाळेची चड्डी. भिंती सुंभानं मेढींना, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबांना, बांधलेल्या होत्या. कुठेच मातीचा पाया घातलेला नव्हता.

‘वाऱ्यानं उडत नाही?’ मी विचारलं.

‘बांधता येत असंल तर उडत न्हाई,’ येसबा म्हणाला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पाठ ताठ. त्यानं घोंगडी टाकली, मला बसवलं आणि आत पाणी मागितलं. पाणी त्याची सून कलावती घेऊन आली. तिचा नवरा पुण्याला भुसार बाजारात हमाली करायचा, त्यामुळे कज्जाकचेरी तीच बघत होती. तालुक्याला हेलपाटे घालून तिच्या टाचा फाटल्या होत्या.

मी फोटो काढला. येसबानं हात धोतराला पुसला, मग फोटो धरला.

‘झ्याक,’ तो म्हणाला. ‘गवत बघा. एका उंचीचं. आता न्हाई तसं ऱ्हात. तवा चितळं बी खायची अन् आमी बी कापायचो.’

‘मला दावा,’ कलावती दारातून म्हणाली.

मी फोटो तिच्याकडे दिला. ती बराच वेळ बघत राहिली.

‘मामंजी, ह्यात आपली घरं कुठंयत?’

‘न्हाईत.’

‘का न्हाईत?’

‘बाई बसली हुती न्हवं काढायला,’ येसबा म्हणाला, सांगण्यासारखं त्यात काही नसल्यासारखा.

मला वाटलं, बाईला झोपड्या काढाव्याशा वाटल्या नसतील. मीही तो विषय तिथंच सोडला.

‘हे चित्तर प्रांतसायबाला दावणार?’ कलावतीनं मला विचारलं.

‘हो.’

‘मग झालं आमचं.’

‘चित्रावर निकाल लागत नाही,’ मी म्हणालो. ‘परवा प्रांत स्वतः येणार आहेत. घरं, चुली, माणसं, शेरडं डोळ्यांनी दिसली की पंचनाम्यात लिहावं लागतं.’

‘ऐकलं का मामंजी? परवा कुणी हलायचं न्हाई.’

‘मी कुठं हलतोय? तपासणीला राखणदार हजर पायजेच की.’

‘हजर ऱ्हावा, पर बोलू नका. मागं त्या तलाठ्याला काय म्हणला? आमी इथं चाकरीला हाय म्हणं. कुणाची चाकरी? पगार कोण देतंय?’

‘पगार बंद झाला. काम बंद करा म्हणून मला कुणी सांगितलेलं न्हाई.’

‘मी लगीन हून आले तवापास्नं फुकट झाडतायसा.’

‘मग रमणा झाडायचा न्हाई व्हय?’

‘बघा भाऊ,’ कलावती माझ्याकडे वळली. ‘ह्यास्नी वाटतंय प्रांत झाडलोट बघाय येतोय.’

येसबा हसला. दात थोडेच उरले होते. ‘तपासणी म्हंजे दुसरं काय असतं? रमणा नीट ठेवला असंल तर राखणदाराला कोण काढंल? माज्या बाच्या येळंपास्नं तपासणीत बोल लागलेला न्हाई.’

‘तुमाला लावत्यात बोल,’ ती म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली.

मी निघालो तशी ती फाटकापर्यंत आली. तिला कागदाची काळजी होती. मतदारयादीत त्यांचा पत्ता शेजारच्या वाडीचा होता, रेशनकार्डावरही तोच. रमण्याला घरपट्टी नव्हती, कारण रमण्यात घर असणं संस्थानच्या कायद्यातच बसत नव्हतं. ‘पोलीसपाटील म्हातारा हाय,’ ती म्हणाली. ‘त्यानं आमची घरं ल्हानपणापास्नं बघितलीत. तेनं येऊन सांगितलं तर हुईल का काय?’

‘होईल. पण तो येईल का?’

‘न्हाई म्हणतोय. बाबासरकारला भितोय. परवा पाटे जाऊन त्याच्या दारात बसते, उचलून आणते.’

प्रांताधिकारी लोंढे हे काही कुणाच्या खिशातले नव्हते. ठरल्या दिवशी सकाळी त्यांच्या जीपमध्ये मागे बसून जाताना मी त्यांना म्हणालो की मी घरं पाहिली आहेत. ते म्हणाले, ‘मग मलाही दिसतील.’ त्यांना ऊन बाधलं होतं. डोक्यावर ओला रुमाल होता आणि दुपारी आणखी एका गावचा बांध बघायचा होता. पुढे बाबासरकारांची मोटार चालली होती. मागच्या सीटवर कापडात गुंडाळलेली चौकट दिसत होती.

फाटक उघडं होतं आणि घासूनपुसून स्वच्छ केलं होतं. फाटकात येसबा उभा होता. डोक्याला विटलेला लाल फेटा, खांद्यावरून चामड्याचा पट्टा, पट्ट्यावर संस्थानचा पितळी बिल्ला. बिल्ला चिंचेनं घासला असावा, उन्हात डोळ्यांवर येत होता. जीप थांबताच त्यानं मुजरा केला.

‘रमणा साफ आहे, सरकार,’ तो म्हणाला.

एरवी ‘हाय’ म्हणणारा येसबा ‘आहे’ म्हणाला. पाठ केलेलं वाक्य होतं ते, बापाकडून आलेलं.

आम्ही आत गेलो. वडांची रांग ओलांडली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो.

घरं नव्हती. छत्रीपासून खडकापर्यंत नुसतं गवत, आणि जिथं गवत नव्हतं तिथं वडाची वाळकी पानं सारखी पसरलेली. दोरी नव्हती, शेळ्या नव्हत्या, चूल नव्हती. काठाचा लव्हाळा कापलेला होता. मी परवा ज्या पायवाटेनं आलो होतो तिच्यावरही पानं अंथरली होती. तळ्याचं पाणी हलत नव्हतं.

बाबासरकारांच्या ड्रायव्हरनं कापड सोडलं. त्यांनी चौकट दोन्ही हातांत धरली, एकदा चित्राकडे पाहिलं आणि एकदा समोर.

‘अगदी तेच,’ ते म्हणाले. आवाज फारसा खूश नव्हता.

‘मिराशी,’ लोंढे म्हणाले, ‘कुठंयत घरं?’

‘इथंच होती साहेब. परवा मी यांच्या दारात बसून पाणी प्यालो.’

‘बाबासरकार, तुम्ही पाहिलीत कधी?’

बाबासरकारांनी चौकट खाली घेतली. ‘मी इकडे फारसा येत नाही,’ ते म्हणाले.

लोंढ्यांनी येसबाला जवळ बोलावलं. त्यांनी विचारलं ते नीट, न चिडता विचारलं. एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन.

‘म्हातारबा, इथं कोण राहतं?’

‘कोणी नाही, सरकार.’ हेही पाठच असावं.

‘तुझं घर कुठं आहे?’

येसबा घुटमळला. त्यानं बाबासरकारांकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. त्याला प्रश्न अपमानाचा वाटला, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. आजवर कुणी साहेबानं हे विचारलं नसणार.

‘सरकारनी एकदा तळं बघावं,’ तो म्हणाला. ‘लव्हाळा काढलाय.’

मी त्याला बाजूला घेतलं, छत्रीच्या आडोशाला.

‘आबा, घरं कुठं गेली?’

‘खडकामागं. पाटेच उतरवली.’

‘कशासाठी?’

माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी. ‘सायब येणार म्हटल्यावर उतरवाय नकोत? सरकारची स्वारी आली, पाव्हणा आला, की घरं उतरवायची, शेरडं-पोरं घिऊन खडकामागं बसायचं. स्वारी गेली की परत उभी करायची. म्हणून तर कूड बांधून घेतलेला असतोय. रमण्यात माणूस दिसला तर रमणा कसला?’

‘आणि ती चित्र काढणारी बाई?’

‘ती आठ दिस बसली. आठ दिस आमची माणसं खडकामागं. राती चूल पेटवायची न्हाई, धूर दिसंल. माजी आज्जी तितंच बाळंत झाली. पोराचा आवाज जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून बसली हुती म्हणं. ते पोरगं म्हंजे माजा बा.’ त्यानं फेटा सारखा केला. ‘बाई खूश झाली. संस्थानातनं आज्ज्याला पागोटं मिळालं.’

मी लोंढ्यांकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. बाबासरकारही ऐकत होते.

‘खडकामागं जाऊन बघू या साहेब,’ मी म्हणालो. ‘सामान आहे, माणसं आहेत.’

‘खडकामागची जमीन वनखात्याची,’ लोंढे म्हणाले. ‘ती माझ्यासमोर नाही. मी तिथं गेलो आणि माणसं दिसली, तर मला लिहावं लागेल की ही माणसं वनात राहतात. त्यानं त्यांचं भलं होईल?’

‘मग इथं जे दिसलं नाही ते—’

‘तेच लिहायचं असतं पंचनाम्यात. काय दिसलं. का दिसलं नाही याला रकाना नाही.’ त्यांनी रुमाल काढून पिळला. ‘याला सांगा, आत्ता माणसांना बाहेर बोलाव. माझ्यासमोर एक घर उभं कर. मी तासभर थांबतो.’

यापेक्षा जास्त कुठल्या अधिकाऱ्यानं केलं असतं, मला माहीत नाही.

मी येसबाला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, प्रांतांकडे पाहिलं, आणि हात जोडले.

‘स्वारी गेल्यावर लगीच करतो,’ तो म्हणाला.

‘गेल्यावर नाही आबा. आत्ता. ते असतानाच.’

‘तुमी पेपरवाले हायसा, तुमाला न्हाई कळायचं. पोरास्नी म्या सांगून ठेवलंय, हाळी दिल्याबगार कुणी उठायचं न्हाई.’

मी स्वतः खडकामागे गेलो. तिथं सावलीची एक पट्टी होती आणि त्या पट्टीत सगळी भावकी बसली होती. बाया, पोरं, शेळ्या, मधोमध वासे आणि कुडाचे ताटवे रचून ठेवलेले. एका पोरीच्या मांडीवर पितळी डबा होता. कुणी बोलत नव्हतं. माझ्याकडे पाहून एका बाईनं तोंडावर बोट ठेवलं.

‘प्रांत बोलावताहेत,’ मी म्हणालो. ‘बाहेर या.’

‘म्हातारबाची हाळी आली न्हाई,’ ती कुजबुजली.

मी पुन्हा सांगितलं. एक तरुण पोरगा अर्धवट उठला. त्याच्या आईनं त्याचा सदरा धरून खाली बसवला.

तास संपायच्या आधीच लोंढ्यांच्या कारकुनानं पंचनामा वाचून दाखवला. ‘प्रत्यक्ष जागेवर कोणतीही वस्ती, चूल अगर राहण्याच्या खुणा आढळून आल्या नाहीत. हजर इसम येशवंत खोमणे यास विचारता त्याने येथे कोणी राहत नसल्याचे सांगितले.’ बाबासरकारांनी सही करायला पेन उघडलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग केली. येसबानं अंगठा दिला. पहिल्यांदाच कुणी त्याच्या तपासणीचा कागद त्याच्यासमोर धरला होता, त्यामुळे त्यानं अंगठा जपून, नीट उमटेल असा दिला.

ते वाक्य पुढे अपिलात टिकलं, दिवाणी कोर्टात टिकलं. मी लिहिलेली बातमी आतल्या पानावर आली आणि तिच्यावर दोन पत्रं आली, दोन्ही संस्थानच्या शिस्तीचं कौतुक करणारी. दुसऱ्या वर्षी खोमणे वाडीत गेले. येसबा त्याच्या आधीच वारला. तेवढं बरं झालं असं गावात लोक म्हणाले, आणि मला त्यांच्याशी वाद घालवला नाही.

पण मला आठवते ती त्या दुपारची शेवटची घटका.

लोंढे जीपकडे निघाले होते, तेव्हा फाटकातून कलावती आली. तिच्यामागे धापा टाकत म्हातारा पोलीसपाटील. तिनं त्याला खरोखरच आणला होता. ती वडांच्या रांगेपाशी थांबली. समोरचा माळ तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. पदर खोचला, सरळ खडकामागे गेली आणि खांद्यावर एक मेढ घेऊन परत आली. पानं पायानं बाजूला सारून तिनं जुना खड्डा शोधला.

येसबा तिच्याकडे लगबगीनं गेला. त्यानं मेढीचं दुसरं टोक धरलं.

‘थांब,’ तो म्हणाला.

‘सोडा मामंजी.’

‘अगं गेले न्हाईत अजून.’

‘म्हणूनच उभी करतीया. त्यास्नी दिसू दे.’

‘दिसंल न्हवं.’

‘दिसू दे म्हणतीया मी!’

‘कले, सगळं चांगलं झालंय,’ तो समजुतीनं म्हणाला. ‘एक शब्द बोलले न्हाईत. कागदावर लिवून घेतलं. आता शेवटाला घाण करू नगंस. जाऊ दे त्यास्नी फाटकाभाईर.’

ती ओढत होती. तिच्यात जोर होता, पण सासऱ्याला ढकलणं तिला जमेना. पोलीसपाटील कुणाकडेच न बघता बिडी शोधत होता. ड्रायव्हरनं जीप वळवली. लोंढ्यांनी खिडकीतून पाहिलं. त्यांना एक बाई आणि एक म्हातारा एका लाकडाची दोन टोकं धरून उभे दिसले असतील. त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. जीप क्षणभर थांबली, आणि मग निघाली. तिच्यामागून बाबासरकारांची मोटार.

येसबा फाटकाकडे बघत राहिला. धुरळा बसेपर्यंत त्यानं मेढ सोडली नाही.

‘हां, आता,’ तो म्हणाला. ‘बिगीबिगी घ्या. पोरं सकाळपास्नं उपाशी हायत.’

त्यानं खडकाकडे तोंड करून हाळी दिली. आधी शेळ्या आल्या, मग पोरं, मग बाया, डोक्यावर कुडाचे ताटवे घेऊन, इतका वेळ अडवून धरलेलं सगळं बोलणं एकदम बोलत. कलावती मेढ खांद्यावर तशीच घेऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत उभी होती.